मधलं पेडल

सकाळच्या फेरीत नानांचा पाय चुकला आणि ते फक्त मला कळलं. बघणाऱ्यांना वाटलं, म्हातारबुवांनी मुद्दाम जोर दाखवला. वळणावर गाडीचं मागचं चाक घसरलं, कडेला रचलेल्या पेंढ्याच्या गठ्ठ्याला लागलं, गठ्ठा दोरीपलीकडे उडाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. मी नानांच्या शेजारच्या सीटवर जीव मुठीत घेऊन बसले होते, आणि माझी नजर त्यांच्या पायावर होती.

नाना माझे सासरे. आणि ती गाडी म्हणजे आमच्या घरातली थोरली. हे नाव सासूबाईंनी ठेवलं होतं, चिडून. त्या गेल्या, नाव राहिलं. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात मान थोरलीचा आहे हे मला पहिल्याच आठवड्यात समजलं. पाहुणे आले की आधी गॅरेजमध्ये तिला बघायला जायचे आणि मग माझ्याकडे चहा मागायला यायचे. मला भयंकर राग यायचा. पुढे तिच्याच इंजिनाखाली हात काळे करता करता तो राग गेला. म्हणजे तिच्यावरचा गेला, पाहुण्यांवरचा अजून आहे.

थोरली शर्यतीची गाडी, नव्वदी ओलांडलेली. छप्पर नाही, दारं नाहीत, काच म्हणाल तर ड्रायव्हरपुढे तळहाताएवढी. अशा तीनच बनल्या म्हणतात. एक जळाली, एकीचा पत्ता नाही, आणि तिसरी नानांनी तरुणपणी एका पडक्या गोदामातून, कोंबड्यांच्या खुराड्याखालून ओढून काढली. तेव्हापासून जुन्या गाड्यांचा मेळावा कुठेही असो, थोरली आणि नाना तिथे असणारच.

तिच्या पायाशी तीन पेडलं आहेत, आपल्या गाड्यांसारखीच. पण त्या काळातल्या काही शर्यतीच्या गाड्यांत असायचा तसा तिचा क्रम उलटा आहे. डावीकडे क्लच, ठीक. पण मधलं पेडल ब्रेकचं नाही, ॲक्सिलरेटरचं. ब्रेक अगदी उजवीकडे. म्हणजे साध्या गाडीची सवय असलेला माणूस घाबरून ब्रेक मारायला गेला तर थोरली थांबत नाही, उसळी मारते. नाना नवख्यांना सांगायचे, ‘हिच्यात बसायचं तर चपला जशा बाहेर काढता तसे आपले पाय बाहेर काढून ठेवा, हिचे घाला.’

नानांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि वर्षभर थोरली झाकून राहिली. त्या वर्षात माझ्या नवऱ्याने त्यांना एक छोटी, गिअर नसलेली गाडी घेऊन दिली. बाजारात जा, मित्रांकडे जा, पायाला त्रास नको. हेतू चांगलाच होता. पण त्या गाडीने नानांच्या पायाला नवा क्रम शिकवला, आणि ऐंशीच्या पुढचा पाय दोन क्रम लक्षात ठेवत नाही.

सकाळची फेरी सरावाची. घाटरस्ता बंद केलेला, खालून एकेक गाडी सोडायची, वर शेवटची रेषा. खरी फेरी दुपारी, आणि तिलाच गर्दी. रेषेपलीकडे रस्ता अजून थोडा चढतो आणि मग मैदानात शिरतो. गाड्या तिथे थांबतात, म्हणून लोकही तिथेच जमतात. दोरी लावलेली असते, पण खाली झेंडा पडला रे पडला की सगळे दोरीखालून रस्त्यावर. इतक्या वर्षांत कुणी त्यांना अडवलेलं नाही, कारण गाड्या तिथे थांबतातच.

तंबूत परत आल्यावर नाना हातमोजे काढत होते. मी आडपडदा ठेवला नाही.

‘‘नाना, वळणावर तुमचा पाय मधल्यावर गेला.’’

‘‘काय?’’

‘‘ब्रेक मारायचा होता, तुम्ही मधलं दाबलंत.’’

त्यांनी एक मोजा दुसऱ्यावर आपटला. ‘‘तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून हा पाय या गाडीत आहे.’’

‘‘माहीत आहे. तरी गेला.’’

‘‘वळण आवळलंय या लोकांनी. गठ्ठे रस्त्यात आणून ठेवलेत. अक्कल नाही एकालाही.’’

नानांची चूक कधी नसतेच. घरात भाजी करपली तर गॅस मोठा असतो, शर्यत हुकली तर टायर वाईट असतात, आणि गाडी बंद पडली तर मेकॅनिक गाढव असतो. मेकॅनिक म्हणजे गेली काही वर्षं मी.

नवरा थोरलीच्या चाकाशी बसून कडेला अडकलेला पेंढा उपटत होता. मी त्याला बाजूला घेतलं. तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, ‘‘तुला भास झाला असेल.’’

‘‘आणि गेल्या महिन्यात त्यांनी थोरली फाटकावर घातली, तोही भासच होता का?’’

तो हातातला पेंढा झटकू लागला. मग हळू आवाजात म्हणाला, ‘‘आजची फेरी होऊ दे गं. वर्षभर वाट बघितलीय त्यांनी. उद्यापासून किल्ली माझ्याकडे.’’

‘‘थोरलीला किल्ली नाही,’’ मी म्हटलं. ‘‘आणि वर रस्त्यावर लोक असतात.’’

‘‘तू असतेस ना शेजारी.’’

हे मात्र खरं होतं, आणि सगळी गोम इथेच होती. थोरली एकट्याने चालत नाही. तिची पेट्रोलची टाकी मागे, खाली. इंजिन पुढे, वर. पेट्रोल आपणहून चढत नाही, टाकीत हवा भरून ते ढकलावं लागतं. त्यासाठी शेजारच्या सीटसमोर हातपंप आहे. मेकॅनिकने पूर्ण वाटभर तो मारत राहायचा आणि वरच्या, हवेच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवायची. हवा पडली की इंजिन खोकतं आणि मरतं. माझा नवरा हे काम करू शकत नाही, कारण तो त्या सीटमध्ये मावत नाही. एकदा मावला होता, पण मग निघेना.

‘‘मी बसतच नाही,’’ मी म्हटलं. ‘‘हवा कोण मारतं बघू.’’

‘‘मी मारतो की, वहिनी!’’

टकलू. त्याचं गॅरेज आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. कुणाच्या घरात काय शिजतंय याचा वास त्याला आधी येतो. थोरलीत बसायला मिळावं म्हणून तो कित्येक वर्षं टपून बसला होता. ‘‘तुम्हाला बरं नसेल तर आराम करा. नानांच्या शेजारी बसायचं म्हणजे भाग्य लागतं,’’ असं म्हणत त्याने हातसुद्धा पुसून घेतले.

आता सांगायचं तर मेळाव्याच्या प्रमुखालाच, असं ठरवून मी निघाले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे मला कळत होतं. चालताना लाजही वाटत होती. प्रमुख खुर्चीवर उभा राहून गाड्यांची रांग लावून घेत होता. मी त्याला खाली उतरवलं आणि स्पष्ट सांगितलं, नानांचा पाय चुकतो आहे, त्यांना दुपारी सोडू नका.

त्याचा चेहरा पडला. ‘‘अहो, मला गाडी चालवायला त्यांनी शिकवलं,’’ तो म्हणाला. ‘‘मी त्यांना काय सांगू?’’

‘‘मी सांगते तेच सांगा.’’

त्याने सांगितलं नाही. त्याने विचारलं, आणि तेही सगळ्यांच्या देखत. आमच्या तंबूत येऊन, पाचपन्नास माणसं थोरलीचे फोटो काढत असताना, हसत हसत म्हणाला, ‘‘काय नाना, पाय शाबूत आहे ना? सूनबाई काळजीत आहेत.’’

नानांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून दिसते. मग ते गर्दीकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, ‘‘वळणावर भ्याली ती. भीतीला औषध नाही. भीती वाटत असेल तर तिने खाली थांबावं, माणसं काही कमी नाहीत.’’

सगळे हसले. मीही हसले असते तर बरं दिसलं असतं. माझ्या कानशिलांत जाळ झाला होता. टकलूने तेवढ्यात डोक्याला कातडी टोपी घालून बघितलीसुद्धा.

त्या टोपीतल्या टकलूकडे बघताना मला नीट समजलं. मी नाही बसले तर हा बसणार. हा प्रामाणिक माणूस. हा मन लावून हवा मारणार, काटा एक केसभर पडू देणार नाही, आणि थोरली पूर्ण ताकदीनिशी वर पोचणार. तिथे रस्त्यावर लोक असणार आणि नानांचा पाय असणार.

‘‘टोपी काढ माझी,’’ मी टकलूला म्हटलं. ‘‘मी बसते.’’

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. त्याला वाटलं, मी समजूत घालून घेतली. मी गाडीखाली हात घातला आणि हवेच्या नळीवरचा छोटा कॉक, म्हणजे तोटी, तपासला. फेरी संपल्यावर टाकीतली हवा सोडायला तो असतो. तो सीटवरून, गुडघ्याशेजारी हात नेला की सापडतो. चालत्या गाडीत त्याला कोणीही हात लावत नाही. मेकॅनिकने चालत्या गाडीत हवा सोडणं म्हणजे स्वयंपाकिणीने वाढलेल्या ताटात थुंकणं. मी तो वेळेला पटकन फिरावा इतपत सैल करून ठेवला.

दुपारी आम्ही रांगेत उभे राहिलो; नवरा, टकलू आणि प्रमुख आधीच वर मैदानात गेले होते. नानांनी माझ्याकडे न बघता मोजे चढवले. मी पंप मारून हवा भरली, रांगेतल्या एका पोराने पुढून हँडल फिरवलं आणि थोरली गरजली. झेंडा पडला.

पहिल्या वळणाला मी त्यांच्या पायाकडे बघत होते. पाय उजवीकडे गेला. नेमका ब्रेकवर. गाडी गोळीसारखी वळणातून निघाली.

दुसरं वळण. पाय उजवीकडे.

सकाळी चुकलेलं वळण आलं तेव्हा मी पंपाची मूठ इतकी घट्ट धरली की हवा मारायचीच राहिली, आणि नाना ओरडले, ‘‘हवा!’’ मी मारली. पाय उजवीकडे गेला. काय वळण घेतलं त्यांनी! मागचं चाक गठ्ठ्यांच्या कडेकडेने असं गेलं की मध्ये कागद सरकवावा. मला वाटलं, आपण गाढव आहोत. एकदा चुकला असेल पाय. कुणाचा चुकत नाही? आणि त्या एका चुकीवर मी या माणसाची चारचौघांत अब्रू काढली. आता वर, सगळ्या लोकांसमोर, त्यांची गाडीही बंद पाडणार? त्यांची ही बहुतेक शेवटची फेरी. ते हसत होते. वाऱ्याने त्यांचे गाल थरथरत होते आणि म्हातारा चक्क हसत होता. मला त्या क्षणी त्यांचा इतका लोभ वाटला की कॉकवरचा हात मी काढून घेतला.

मग शेवटचं वळण गेलं आणि सरळ चढ दिसला. वर रेषा, आणि रेषेपलीकडे गर्दी. दोरी केव्हाच जमिनीवर आली होती. थोरली येतेय म्हणून माणसं दोन्ही बाजूंनी रस्त्यात सरकली होती, मध्ये जेमतेम गाडीपुरती वाट, आणि तीही पुढे जाऊन मिटत होती. एक बाई बाळाला कडेवर घेऊन, दुसऱ्या हातात फोन धरून अगदी मधोमध उभी होती.

मी कॉक उघडला.

काही झालं नाही. थोरली तशीच ओरडत चढत राहिली. काटा खाली येत होता, पण इंजिनाला त्याची खबर नव्हती. नानांना दिसू नये म्हणून मी काट्यावर कोपर आडवं धरलं. मरत का नाहीस, मी मनात म्हणत होते, मर की एकदाची, इतक्या वर्षांत नको तेव्हा शंभर वेळा मेलीस!

रेषेच्या जरा आधी ती खोकली.

‘‘हवा!’’ नाना ओरडले. ‘‘हवा मार!’’

मी पंप मारायला लागले. पंप मारला तरी हवा एकीकडून जात होती आणि दुसरीकडून निघत होती. मी जीव तोडून मारत असल्यासारखा हात हलवला. ‘‘मारतेय, नाना!’’ मी ओरडले. खोटं बोलताना माझा आवाज फाटला.

थोरली दोनदा आचके देऊन रेषा ओलांडून गेली आणि गप्प झाली. आवाज गेल्यावर जो सन्नाटा होतो तो फार मोठा असतो. फक्त टायरांची सरसर आणि लोकांचं ओरडणं. ती बाई अजून तिथेच होती, फोन डोळ्यांसमोर धरून. नानांनी सगळा जोर लावून पाय दाबला, मला त्यांची मांडी ताठ झालेली दिसली. चढाने आणि गिअरमध्येच मेलेल्या इंजिनाने गाडी ओढून धरली. ती मंद झाली, आणखी मंद झाली आणि त्या बाईपासून चारपाच पावलांवर उभी राहिली. बाईने फोन खाली घेतला आणि आमच्याकडे बघून हसली. तिला वाटलं, हे असंच असतं.

नाना धापा टाकत होते. ‘‘बघितलंस?’’ ते म्हणाले. ‘‘तू हवा घालवलीस. मी ब्रेक मारला म्हणून माणसं वाचली. नाहीतर आज काय झालं असतं?’’

मी खाली बघितलं. त्यांचा बूट मधल्या पेडलवर होता. पार तळाला टेकलेला. ते अजूनही दाबत होते.

गप्प बसावं, असं मला खरंच वाटलं. त्यांना ब्रेक मारल्याचं समाधान, लोकांना फेरीचं समाधान, आणि माझ्या माथी एक ठपका, त्याची मला सवय होती. पण पुढच्या महिन्यात दुसरा मेळावा होता आणि टकलूला टोपी नीट बसत होती.

‘‘नाना,’’ मी म्हटलं, ‘‘पाय बघा.’’

‘‘काय?’’

‘‘काढू नका. आधी बघा.’’

ते स्टिअरिंगआडून वाकले. खाली बघत राहिले.  त्यांच्या मानेवरची शीर उडत होती. पाय त्यांनी काढला नाही, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता आणि त्याला हात लावायची त्यांना परवानगी नव्हती.

तोवर लोकांचा गराडा पडला. टकलू धावत धावत सगळ्यांच्या आधी पोचला आणि गाडीखाली वाकून त्याने लगेच कॉकला हात लावला. त्याला ते कळणारच होतं. ‘‘वहिनी!’’ तो किंचाळला. ‘‘कॉक उघडा! चालत्या गाडीत हवा सोडलीत तुम्ही?’’ मागून प्रमुख आला, नवरा आला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवऱ्याच्या तोंडावर असा भाव होता, जणू मी घरातलं कुणीतरी मारून टाकलं आहे.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात नाना बोलले.

‘‘मी सांगितलं तिला.’’

‘‘काय सांगितलंत?’’ प्रमुखाने विचारलं.

‘‘हवा सोडायला. माझा पाय चालत नाहीये. मी सांगितलं तसं मेकॅनिकने केलं.’’ मग टकलूकडे बघून त्यांच्या नेहमीच्या आवाजात, ‘‘तू कशाला गाडीखाली शिरलास? नीघ तिथून.’’

प्रमुखाने आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तो न सांगताच लोकांना मागे हटवायला लागला. नवरा टकलूला दंडाला धरून घेऊन गेला. आम्ही दोघं गाडीत राहिलो. नानांनी बाहेरचा हातब्रेक ओढला, दोन्ही हातांनी, तो सुटू नये म्हणून पुन्हा एकदा ओढला, आणि मग पाय मधल्या पेडलवरून काढून हळूच गाडीच्या तळावर ठेवला.

‘‘सकाळीही असंच?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो.’’

‘‘म्हणजे दुपारी तुला माहीत होतं.’’

‘‘माहीत होतं.’’

ते समोर बघत होते. ती बाई आता बाळाला थोरलीचं चाक दाखवत होती.

‘‘माहीत होतं,’’ नाना म्हणाले, ‘‘आणि तरी माझ्या शेजारी बसलीस.’’

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. मग काय करणार होते, चारचौघांत मला भित्री म्हणालात, दुसरा कुणी बसला असता तर, असं सगळं तोंडापर्यंत आलं होतं.  पण मी रागाने रडायलाच लागले. नानांनी हातमोजा काढून माझ्यापुढे धरला, डोळे पुसायला. त्याला ग्रीस लागलं होतं. मी त्यानेच पुसले.